गेटवरची हजेरी

जुन्या गाड्यांची रॅली सुटायला अर्धा तास उरला आणि हिर्लेकरसाहेबांची सत्तर वर्षांची मोटार सुरूच होईना. साहेबांनी व्होल्ट मोजायच्या आपल्या तीन मीटरांपैकी सगळ्यात महागडा निवडून इग्निशन कॉइलच्या वायरला लावला. बारा व्होल्ट!

"करंट येतोय. कॉइलच जळलीय," ते मेकॅनिक जैतूनबीला म्हणाले. "तीस वर्षं कारखान्याच्या गेटवर हजेरी घेतलीय मी. नजरेतून काही सुटत नाही."

"बघू या," म्हणत तिने हेडलाइटचा जुना बल्ब त्याच वायरला जोडला. पेटला नाही.

"बल्ब गेलाय तुझा!"

तिने तो थेट बॅटरीला लावला. लख्ख पेटला. मग ती वायर चाचपत मागे मागे गेली. स्विचपाशी जोडावर हिरवा गंज चढला होता; त्यातून मीटरला पुरेल एवढाच करंट झिरपत होता, बल्ब पेटण्याइतका नाही. पॉलिश पेपरने घासून तिने जोड आवळला, चावी फिरवली आणि मोटार सुरू झाली.

"म्हणजे माझा मीटर खोटं बोलला?" साहेब चिडले.

"नाही साहेब. त्याने गेटवर हजेरी घेतली, ती पूर्ण भरली," जैतूनबी हात पुसत म्हणाली. "माझ्या बल्बने काम सांगून पाहिलं."