तिसरा दगड

साळूला वाटलं होतं, लढाई संपलीय, म्हणजे मोहरवाडीची लाल कौलं उन्हात चमकत असतील आणि आत्या सारवलेल्या चुलीवर टम्म फुगलेली भाकरी शेकत असेल. पाच वर्षं दूरच्या शाळेत तिने हेच चित्र काढलं होतं.

पण गाव दिसलं ते ओढ्यापलीकडे, छपरांवाचून. आणि माणसं अलीकडच्या माळावर, फाटक्या तंबूंत. आत्याची चूल म्हणजे नुसते तीन दगड!

"मातीची चूल का नाही घातलीस गं?"

"इथं कशाला? उद्या घरी जायचंय ना!"

"हे 'उद्या' कधीपासून?"

"तू शाळेत गेलीस तेव्हापासून," आत्या म्हणाली. "शिपायांनी रानभर लोखंडी काटे पेरलेत, सोने. पाय टाकायची छाती होत नाही कुणाची."

साळू ओढ्याकाठी जाऊन बसली. मावळतीचं केशरी ऊन पाण्यावर नाचत होतं. इतक्यात गवतात काहीतरी लुकलुकलं. एक इवलीशी परी! तिचा मोरपंखी पंख लोखंडी काट्यात अडकला होता. साळूने अलगद काटा काढला. स्वतःचं बोट सोलवटलं, तरी आपली लाडकी जांभळी रिबीन तिने पंखालाच बांधली.

"गुणाची गं तू!" परी किणकिणली. "एक इच्छा माग. पण एकटीपुरती नको."

"आम्हा सगळ्यांना घरची वाट दे."

"दिली. सूर्य उगवला की पिवळी फुलं उमलतील. फूल तिथे काटा नाही. सूर्य मावळला की ती मिटतील, ती कायमची. आणि ऐक, जो 'उद्या' म्हणेल, त्याला एकही फूल दिसणार नाही."

सोनेरी प्रकाशाचा झोत उसळला आणि परी त्यात विरघळून गेली.

सकाळी ओढ्यापासून मोहरवाडीपर्यंत पिवळीधमक वाट झगमगत होती. साळूने हाकाहाका करून सगळ्यांना उठवलं.

"कुठायत फुलं? नुसतं गवत आहे," लोक म्हणाले.

"शाळेत हेच शिकवतात वाटतं!" आत्या हसली. "बघू गं उद्या."

साळूने क्षणभर विचार केला आणि ठरवलं. तिने चुलीतला एक दगड उचलून काखेत मारला.

"अगं, माझी चूल!"

"दोन दगडांवर तवा राहत नाही, आत्या. तिसरा मोहरवाडीत असेल. भाकरी करायची तर आजच ये!"

साळू ओढ्याकडे धावली आणि तिने पहिल्या फुलाशेजारी पाऊल टाकलं.

"आज?" मागोमाग आलेली आत्या पुटपुटली. आणि तिच्या पायाशी एक पिवळं फूल दिसू लागलं.