हेमलेखा आणि निश्चयघंटा

एका राज्यात एक घंटा होती आणि तिचा शब्द राजाच्या शब्दाहून मोठा होता. राजवाड्याच्या चौकात, दगडी कमानीखाली ती टांगलेली असे. लग्न जमले की दोन्हीकडचे वडीलधारे येऊन ती वाजवीत, भांडण मिटले की भांडणारेच हातात हात घालून वाजवीत. आणि दर वर्षी पेरणीआधी खुद्द राजा विजयध्वज ती वाजवून क्षीरा नदीला सांगे, की यंदा पाण्याची पाळी उगवतीच्या खोऱ्याची आहे की मावळतीच्या. नदी डोंगर उतरून येई, दोन फाट्यांपाशी थांबून कान देई आणि सांगितलेल्या बाजूला वळे. घंटा वाजली म्हणजे ठरले, आणि ठरलेले पुन्हा मोडायचे नाही, असा तिथला रिवाज. म्हणून तिचे नाव निश्चयघंटा.

विद्याश्रमातून शिकून बाहेर पडणाऱ्यांनाही हाच रिवाज लागू. दर पौर्णिमेच्या सकाळी नवे स्नातक चौकात रांग धरीत. एकेकाने कमानीखाली जायचे, पुढे काय करणार ते मोठ्याने सांगायचे, दोर ओढायचा आणि कामाला लागायचे. त्या एका विद्येचा मग संसार करायचा. बाकी शिकलेले हळूहळू विसरायला होई, त्याला इलाज नव्हता.

या रांगेत हेमलेखा नावाची एक मुलगी होती. तिने तीन विद्या घेतल्या होत्या, नक्षत्रविद्या, वैद्यक आणि पक्षिभाषा, आणि तिन्हींत ती पहिली आली होती. एखादीत गटांगळ्या खाल्ल्या असत्या तर बरे झाले असते. आईचे म्हणणे, तिने राजज्योतिषी व्हावे, म्हणजे मान मिळेल आणि वाड्यावरून धान्यही येईल. मामा वैद्य होता, त्याचे हात आताशा थरथरत, त्याला वाटे भाचीने आपला खल-बत्ता हाती घ्यावा. गुरूंना ती आश्रमात पक्षिभाषा शिकवायला हवी होती. हेमलेखा तिघांनाही एकच उत्तर देई, "बघू."

ती आळशी नव्हती हो. तिला तिन्ही आयुष्ये इतकी लख्ख दिसत, की एक घ्यायचे म्हणजे उरलेली दोन आपल्या हाताने स्मशानात पोचवून यायची, असे तिला होई. रात्र रात्र ती या कुशीवरून त्या कुशीवर होई. पौर्णिमेला रांगेत उभी राही, आणि नंबर जवळ आला की मागच्याला म्हणे, तुम्ही व्हा पुढे. असे करता करता ती शेवटची उरे, द्वारपाल दोर गुंडाळून ठेवी, आणि ती घरी येई. तिच्यामागून शिकायला आलेली पोरेसुद्धा घंटा वाजवून मार्गी लागली.

अशातच एका सकाळी घंटेचा लोलक नाहीसा झाला. रिकामी घंटा तेवढी लोंबत राहिली आणि त्या घटकेपासून राज्यात कुणाचे काही ठरेना. नवरदेव बोहल्यावर चढला, उतरला, पुन्हा चढला, आणि अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले. सेनापती एक पाय रिकिबीत अडकवून घोड्याशेजारी उभा राहिला, तो उभाच. आचाऱ्याच्या हातात फोडणीची पळी होती, खालची मोहरी जळून कोळसा झाली तरी ती कशावर ओतावी हे त्याला सुचेना. राजा विजयध्वजाने एक मोजडी पायात घातली होती आणि दुसरी हातात धरून तो दरबारात बसला होता.

नदीही थांबली. दोन फाट्यांपाशी येऊन तिने कान दिला, काही ऐकू आले नाही, म्हणून ती तिथेच उभी राहिली. मागून पाणी येतच होते. खाली दोन्ही खोरी कोरडी आणि वर पाण्याची उभी भिंत, अशी गत झाली.

एकट्या हेमलेखेला काहीच झाले नाही. लोलक गेल्याने पडलेल्या शापाला तिच्याकडून काढून न्यायला काही सापडलेच नाही. बाकीच्यांवर आभाळ कोसळले होते, हिला मात्र काही न ठरवता दिवस काढायचा चांगला सराव होता. भाकरी समोर आली की ती खाई, घागर रिकामी झाली की भरायला निघे. अशीच ती घागर घेऊन चौकातून चालली असताना एक टिटवी तिच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. लोक टिटवीला अशुभ मानत, पण हेमलेखेला तिची बोली कळत होती.

टिटवी म्हणत होती, की दोन फाट्यांच्या वाळूत आपली अंडी आहेत आणि पाणी त्यांच्यापर्यंत आले आहे. भिंत फुटली तर अंडी जातील, आणि तुमची दोन्ही खोरी घरादारांसकट जातील. लोलक कुणी नेला हे तिने पाहिले होते. धूम्रगिरीवरच्या भद्रायु नावाच्या म्हाताऱ्या जादूगाराने तो नेला होता.

हेमलेखेने ही हकिकत राजाच्या कानावर घातली. राज्यातले वीर अजून तलवार घ्यावी की भाला, यावर अडले होते. राजाने तिच्याकडे पाहिले.

"मुली, तू जाशील का?"

"बघू," हेमलेखा सवयीने म्हणाली, आणि घागर तिथेच ठेवून टिटवीमागून निघाली.

धूम्रगिरीच्या पायथ्याशी वाटेला दोन वाटा फुटत. त्यांवर जादू होती. डाव्या वाटेवर पाऊल टाकले की उजवी हिरवीगार होई, तिच्यावर सावली धरली जाई, झरे वाहू लागत. उजवीवर गेले की डावी तशी होई. कितीतरी वाटसरू तिथे अडकून पडले होते. चार पावले जात, मागे वळून पाहत, परत येत. त्यांच्या येण्याजाण्याने जमिनीला खळगा पडला होता, आणि काहींनी तर तिथे चुली मांडून बिऱ्हाडे थाटली होती. त्यांच्या पायांना फोड आले होते. हेमलेखा आधी खालीच बसली. कुणी सांगितले नव्हते, पण तिने पाला ठेचून त्या पायांना लेप लावले, आपल्या ओढणीच्या पट्ट्या फाडून बांधल्या, आणि मगच वाटेचा विचार केला.

तिने डावी वाट धरली. लगेच उजवी बहरली. मागे बघू नकोस, असे टिटवी ओरडली, पण न बघणे हेमलेखेच्या स्वभावातच नव्हते. तिने सरळ पाठ फिरवली, उजव्या वाटेकडे तोंड केले आणि उलट्या पावलांनी डावी वाट चढू लागली. बघायचे तर खुशाल बघावे, त्यासाठी पाय कशाला थांबवायचे. ती ठेचकाळली, काट्यांत बसली, हळहळली, पण चढत राहिली. पुढे डोंगराचे वळण आले आणि ती सुंदर वाट दिसेनाशी झाली. तिला थोडे रडू आले, ते तिने पुसले.

वर एक दगडी दार होते आणि त्यावर चार साळुंक्या बसल्या होत्या. पहिली हेमलेखेच्या आईच्या आवाजात म्हणाली, ज्योतिषी हो. दुसरी मामाच्या आवाजात म्हणाली, वैद्य हो. तिसरी गुरूंच्या आवाजात आश्रमाचे नाव घेऊ लागली. येणाऱ्याच्या कानात जे घर करून असेल तेच त्या बोलत, आणि माणूस कान झाकून तिथूनच माघारी पळे. हेमलेखेने कान झाकले नाहीत. तिने तिघींचे पुरते ऐकून घेतले, आणि चौथीला पाखरांच्या बोलीत विचारले, की तू का गप्प?

"मी तुझा आवाज आहे," चौथी साळुंकी म्हणाली. "तू अजून काही बोललीच नाहीस, मग मी काय सांगू?"

आपण आजवर सगळ्यांची उत्तरे टाळली, पण आपल्याला काय होते ते कुणालाच सांगितले नाही, अगदी स्वतःलासुद्धा, हे तिला तेव्हा कळले.

"मला तिन्ही आवडतात," ती म्हणाली, "आणि त्यांतले एकही गमवायची मला फार भीती वाटते."

चौथ्या साळुंकीने तेच शब्द तिच्याच आवाजात म्हटले. बाकीच्या तिघी चूप झाल्या आणि दार उघडले.

आत भद्रायु बसला होता, लांब पांढऱ्या दाढीचा, वाळलेल्या हातांचा. लोखंडी लोलक त्याच्या मांडीवर होता. ती कशाला आली हे त्याला ठाऊक होते.

"नेशील," तो म्हणाला. "आधी वचन दे, की तू जे ठरवशील ते कधी चुकणार नाही."

"तसे वचन मला देता येत नाही."

"मग हा इथेच बरा."

आणि त्याने आपली कथा सांगितली. तरुणपणी त्यानेही घंटा वाजवली होती. वडिलांची इच्छा म्हणून त्याने राजाचा युद्धजादूगार होईन असे सांगितले, आणि महिना उलटायच्या आत त्याला उमगले, की आपला जीव मधमाश्या पाळण्यात आहे. तो तेव्हाच्या राजाकडे गेला, माझी घंटा परत घ्या म्हणाला. वाजलेली घंटा परत घेता येत नाही, असे राजाने सांगितले. मग उभा जन्म त्याने मंत्र म्हणून शत्रूची गावे जाळली. आता दुसऱ्या कुणाचे असे होऊ नये, कुणाला चुकायची पाळीच येऊ नये, म्हणून त्याने लोलक काढून आणला होता.

हेमलेखेला त्याची दया आली. आपल्या सगळ्या जागरणांत ज्याची भीती होती, तो माणूस तिच्यासमोर बसला होता.

"आजोबा," तिने विचारले, "घंटा परत घेता येत नाही हे खरे. पण दुसऱ्यांदा वाजवू नको, असे तुम्हाला कुणी सांगितले होते का?"

भद्रायूने मांडीवरच्या लोलकाकडे पाहिले.

"नाही," तो अखेर म्हणाला. "मी विचारलेच नाही."

त्याने लोलक उचलून तिच्या हातात दिला. मात्र त्यावर त्याने घातलेला शाप त्यालाही काढता येत नव्हता. लोलकाचा पहिला टोल, आणणाऱ्याने स्वतःच्या आयुष्यासाठी द्यायचा होता. तो मनापासून नसला तर लोलकाची राख होणार होती, आणि मग नदीला कुणीच काही सांगू शकणार नव्हते. एवढे सांगून म्हातारा काठी टेकीत तिच्यामागून निघाला.

ती चौकात पोचली तेव्हा पाण्याच्या भिंतीचा घुमारा राजवाड्यापर्यंत येत होता आणि टिटवीचा कंठ ओरडून बसला होता. हेमलेखेने कमानीवर चढून लोलक अडकवला, खाली उतरून दोर हातात घेतला. या वेळी तिच्यामागे रांग नव्हती, कुणाला पुढे सोडायची सोय नव्हती. आई धावत आली, ज्योतिषी म्हण म्हणाली, मग नको, वैद्य म्हण म्हणाली, आणि घोटाळून थांबली. मामा आणि गुरू यांचीही तीच अवस्था. साऱ्या राज्यात तिला सल्ला देऊ शकेल असे कुणी उरले नव्हते.

नक्षत्रे तिला सर्वांत चांगली येत होती. पाखरांवर तिचा सर्वांत जास्त जीव होता. पण त्या खळग्यातल्या माणसांचे फोड पाहिले तेव्हा बघू म्हणायचे तिला आठवलेच नव्हते, हात आपसूक पुढे झाले होते. याहून मोठी खूण आकाशातून काही उतरणार नाही, हे तिने ओळखले. भीती होती तिथेच होती, तिला तिने राहू दिले.

"मी वैद्य होते आहे," ती मोठ्याने म्हणाली. "नक्षत्रांना आणि पाखरांना मी मुकेन, त्याचे मला दुःख आहे. आणि हे चुकले असे कळले, तर मी पुन्हा इथे येऊन दुसरा टोल देईन."

"असा रिवाज नाही," राजा कसाबसा म्हणाला.

हेमलेखेने दोर ओढला. घंटा वाजली. सगळ्यांनी वर पाहिले, लोलक लोखंडाचा लोखंडच होता.

शाप उतरला. सेनापती घोड्यावर बसला, नवरदेवाच्या डोक्यावर अक्षता पडल्या, आचाऱ्याने करपलेली फोडणी फेकून नवी केली. राजाने दुसरी मोजडी पायात घातली, पुढे होऊन दोर ओढला आणि मावळतीचे खोरे असे सांगितले. क्षीरा नदी वळली. पाण्याची भिंत खाली बसली, खोऱ्यातल्या पाटांतून पाणी खळाळत गेले, आणि टिटवी आभार न मानताच आपल्या अंड्यांकडे उडाली. आई मात्र काही दिवस हेमलेखेशी नीट बोलली नाही. मामाने खल-बत्ता घासूनपुसून तिच्यापुढे ठेवला.

राजाने तिला काय हवे ते मागायला सांगितले. तिने रिवाजात एक भर मागितली, ज्याचे चुकले असेल त्याला पुन्हा घंटा वाजवता यावी. राजाला आता ठरवता येत होते. त्याने विचार केला आणि होकारार्थी मान हलवली.

भद्रायु मघापासून खांबाआड उभा होता. हेमलेखेने त्याचा हात धरून त्याला कमानीखाली आणले. लोकांनी वाट करून दिली, काहींनी त्याला ओळखले आणि तोंड फिरवले. त्याने मधमाश्यांचे नाव घेतले, दोर धरला, पण ओढेना.

"फार उशीर झाला, नाही का?" त्याने विचारले.

"झाला आहे, आजोबा," हेमलेखा म्हणाली. "तरी ओढा."

म्हाताऱ्याने दोर ओढला, आणि त्याची घंटा दोन्ही खोऱ्यांत ऐकू गेली. अशी त्या राज्याची घडी बसली, ऐकणाऱ्यांचीही तशीच बसो.