वेशीत अडकलेला राजहत्ती

पूर्वी वेत्रपूर नावाच्या नगरात एक राजा राज्य करीत नव्हता. दोन करीत होते. त्या काळी बोधिसत्त्व हत्तीच्या कुळात जन्मला होता आणि त्या दोघांना एकाच पाठीवर वाहत होता.

दोन राजे कसे, तर धनुकेतू आणि सोमभद्र यांची घराणी बावीस वर्षे लढली आणि कुणी हरेचना. शेवटी तह झाला. सिंहासन मोडून राजहत्तीवर दोन आसनांची अंबारी चढवली, आसने पाठीला पाठ लावून. धनुकेतूचे तोंड पुढे, सोमभद्राचे मागे. मान वळवून पाहणे दोघांनाही कमीपणाचे वाटे. दोघांनी आज्ञा दिल्याखेरीज हत्तीने हालचाल करायची नाही, केली तर झूल उतरवून त्याला माती ओढायला धाडायचे. अंबारीतून जो आधी उतरेल, त्याचा शब्द पडला, दुसऱ्याचा चालला. आणि राजहत्तीच्या पोटाखालून कुणी गेले, तर त्याचे मुंडके उडवायचे. असा तो तह.

एका सकाळी स्वारी वेशीत आली. नगराला वेस एकच, आणि तीही बरोबर हत्तीच्या मापाची. धनुकेतूला समोर नदी दिसली. बांध ढासळत होता.

"पुढे चल," तो म्हणाला. "परगावचे मजूर आणा आणि कोठारातले सगळे धान्य त्यांना द्या."

सोमभद्राला गल्ल्या दिसत होत्या. दुष्काळाने माणसे काटक्यांसारखी झाली होती. "मागे फिर," तो म्हणाला. "कोठार उघडा आणि सगळे धान्य वाटून टाका."

"बांधाचं नुसतं निमित्त आहे याचं," सोमभद्र पुटपुटला.

"भुकेचं सोंग आहे," धनुकेतू पुटपुटला.

माहूत मल्लकाने अंकुशाने आपलाच कान खाजवला. बोधिसत्त्व थांबला, अर्धा नगरात, अर्धा बाहेर.

असा तो तीन दिवस उभा राहिला. नदीवरून धुके आले आणि जायचे विसरून गेले. त्या धुक्यात नगर तरंगू लागले, माणसे जागेपणी स्वप्नात असल्यासारखी चालू लागली, कोंबडे अर्धेच आरवून गप्प होऊ लागले. राजांचे जेवण लांब बांबूच्या टोकावरून वर जाई. भोपळ्याचा एक वेल हत्तीच्या शेपटीवर चढला. चिमणीने त्याच्या कानात घरटे केले. त्यात अंडी होती असे काही जण सांगतात, पण मी न पाहिलेले लिहीत नाही. घरटे मात्र होते.

पहिल्या सकाळी स्वारी येण्याआधीच सामा नावाची बुरुडीण वेत तोडायला बाहेर गेली होती. तिची चार महिन्यांची पोर आत, सासूपाशी राहिली. शेळीचे दूध तोंडाला लावले की पोर मान फिरवी.

"अगं सामे," सासू हत्तीपलीकडून ओरडली, "ही काही घेत नाही गं!"

"बोट बुडवून द्या, आत्याबाई!"

"बोट चावते, दूध थुंकते. तुझ्यावरच गेलीय!"

पहिल्या दिवशी दोघी अशा बोलल्या. दुसऱ्या दिवशी सासूचे टोमणे थांबले.

दोन्ही राजे मात्र हत्तीला हळूच गोंजारीत होते. "एक पाऊल पुढे टाक," धनुकेतू कुजबुजे, "जन्मभर उसाचा मळा तुझा." "एक पाऊल मागे घे," सोमभद्र कुजबुजे, "सुळ्यांना सोन्याची कडी घालतो." बोधिसत्त्वाने विचार केला, 'कुठल्याही बाजूला पाऊल पडले, की अर्धे नगर जिंकेल आणि अर्धे हरेल. हरलेले उद्या तलवारी शोधतील.' म्हणून त्याने ऊसही नाकारला आणि सोनेही.

तिसऱ्या सकाळी पोरीचे रडणे थांबले. ती शांत झाली नव्हती. तिचे बळ संपले होते. हत्तीचे कान मोठे असतात. त्याला तेवढा एकच न येणारा आवाज ऐकू येत राहिला.

मग त्याने पाऊल पुढेही टाकले नाही आणि मागेही. तो खाली बसू लागला. मल्लकाने घाबरून अंकुश मारला. वेशीच्या दगडांनी दोन्ही कुशी सोलून निघाल्या. बोधिसत्त्व बसला आणि त्याने सोंड जमिनीवर पायरीसारखी पसरली. पोटाखालून जाण्याला शिक्षा होती. पाठीवरून जाण्याबद्दल तहात अक्षर नव्हते, कारण असे कुणी करील हे दोन्हीकडच्या शहाण्यांना सुचलेच नव्हते.

सामा सोंडेवरून कपाळावर आणि कपाळावरून अंबारीशी आली.

"महाराज, पाय आवरा जरा. आणि हात द्या."

धनुकेतूने हात दिला. चिखलाचे एक पाऊल त्याच्या रेशमी मांडीवर उमटले. तिला पलीकडे द्यायची तर त्याला वळणे भाग होते, आणि घ्यायची तर सोमभद्राला. दोघे वळले. डोक्यावर डोके आपटले. सामा आत उतरली आणि पोरीला छातीशी धरून तिथेच बसली. थोड्या वेळाने चोखण्याचा बारीक आवाज आला, तेव्हा सासू रडली.

राजे अजून वळलेलेच होते.

"पाणी एवढं वर आलंय?" सोमभद्राने विचारले.

"आणि ही माणसं... एवढी वाळलीत?" धनुकेतू म्हणाला.

तेव्हा बोधिसत्त्व माणसाच्या वाणीने बोलला, "महाराज, ज्यांना धान्य हवे आहे, त्यांचीच घरे बांधाखाली आहेत. मग परके मजूर कशाला?"

दोघांनी एकदमच आज्ञा दिली. नगरातल्याच माणसांना आधी पोटभर जेवण मिळाले, मग त्यांच्या हातात टोपल्या आल्या. राजेही एकदमच उतरले. कुणाचा पाय आधी टेकला, हे धुक्यामुळे कुणाला दिसले नाही. मग धुकेही गेले.

तह तो तह. राजांनी कलम बदलू पाहिले, पण बोधिसत्त्वानेच नको म्हटले. झूल उतरवताना मल्लक मुसमुसत होता.

"रडतोस काय मल्लका? टोचत होती ती," बोधिसत्त्व म्हणाला आणि बांधाकडे माती ओढायला गेला. त्या दिवसापासून दोन्ही राजे रोज सकाळी आसनांची अदलाबदल करीत.

पुढे अनेक जन्मांनी एका विहाराचा कारभार कोंडक आणि सुभूम या दोन स्थविरांकडे, म्हणजे वडीलधाऱ्या भिक्षूंकडे होता आणि दोघांनी वर्षभर एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते. त्यांच्यासमोर ही कथा सांगून शास्ता बुद्ध म्हणाला, "तेव्हाचा धनुकेतू तो हा कोंडक, सोमभद्र तो हा सुभूम, सामा ती भिक्षुणी पदुमा, मल्लक हा आपला द्वारपाल. आणि त्या हत्तीची पाठ माझी होती."

अंकुश सोसून, मानमरातब गमावून, दुसऱ्याची वाट होण्याइतके खाली बसता येणे, याला क्षांती म्हणतात. कथा संपली तेव्हा कोंडक उजवीकडे वळला आणि सुभूम डावीकडे. डोकी पुन्हा आपटली म्हणतात.