करवंटीच्या वशाची कहाणी

ऐका श्रीफळमाते, तुझी कहाणी. खाडीच्या तोंडाशी एक आटपाट नगर वसलं होतं. तिथं सोमा नावाचा कातारी राही. दोरी ओढून खराद फिरवी, लाकडाची लाटणी करी, पाळण्याच्या चिमण्या करी, देव्हाऱ्याचे खांब करी. घरात त्याची म्हातारी आई होती, तिचं नाव भागी. बायको होती, तिचं नाव आनसू. तिघं दोन वेळा जेवत होती, कुणाच्या अध्यात नव्हती, मध्यात नव्हती.

एके वर्षी राजानं गलबतं बांधायला घेतली. रानातलं लाकूड राजाकडे जाऊ लागलं. साग गेला, शिसव गेला, शेवटी आंबाफणसही गेला. कातार्‍याला कांडकं मिळेना. खरादाची दोरी खुंटीवर राहिली. मग एक वेळ चूल पेटे, एक वेळ पेटेना.

श्रावणातली पुनव आली. नगराची माणसं वाजतगाजत समुद्रावर गेली. कुणी सोन्याचा मुलामा दिलेला नारळ वाहिला, कुणी साधा वाहिला. आनसूजवळ वाहायला काही नव्हतं. ती सगळ्यांच्या मागं उभी राहिली, हात जोडले आणि परत निघाली. तों वाटेत वाळूवर एक बाई बसलेली दिसली. केस पांढरे, लुगडं ओलं. करवंटी हातात घेऊन वाळूनं घासत होती.

आनसूनं विचारलं, "बाई, बाई, काय करतेस?"

"वसा वसते."

"त्यानं काय होतं?"

"टाकलेलं उजळतं, विझलेलं पेटतं, गेलेलं घरी येतं."

"मग तो वसा मला सांग."

"तुला कशाला? उतशील, मातशील, हातातला वसा खाली ठेवशील."

"उतणार नाही, मातणार नाही, वसा खाली ठेवणार नाही."

मग बाईनं सांगितलं, "श्रावणी पुनवेला देवापुढं फुटलेला नारळ आणावा. पाणी तहानेल्याला द्यावं, खोबरं भुकेल्याला द्यावं, करवंटी चुलीत घालू नये. रोज दुपारी, घरची माणसं जेवली म्हणजे, घेऊन बसावं. आधी वाळूनं घासावी, मग भाताच्या तुसानं घासावी, मग तेलाच्या बोटानं घासावी. घासताना कुणाला वाईट बोलू नये. उजळली म्हणजे तिचं काही कामाचं करावं. पहिली वस्तू घरातल्या थोरल्या बाईला द्यावी, दुसरी जिला कुणी नाही तिला द्यावी, मग आपल्याला ठेवावी. कार्तिकी पुनवेला वसा पुरा करावा." असं म्हणून बाईनं अर्धा नारळ आतल्या पाण्यासकट तिच्या हातांत दिला.

आनसू घरी आली. पाणी सासूला दिलं, खोबरं तिघांनी खाल्लं. दुसऱ्या दिवशी दुपारी करवंटी घेऊन पडवीत बसली. एक दिवस घासली, काही दिसेना. दोन दिवस घासली, काही दिसेना. तिसऱ्या दिवशी बोटांना फोड आले. तिला वाटलं, वाळूवरल्या त्या बाईनं आपल्याला वेड्यात काढलं. तों भागी तिच्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "सूनबाई, आडवी घासू नकोस. रेषा कुठून कुठं जातात ते आधी बघ, आणि त्यांच्या अंगानं हात ने." मग तिनं करवंटी घेतली, डोळे मिटले आणि गालाला लावून पाहिली. "इथं अजून खरखर आहे," म्हणाली. तिला डोळ्यांनी कमी दिसे, पण गालाला कळे.

मग दोघी रोज बसू लागल्या. बोलत बोलत घाशीत. भागी आपल्या माहेरच्या गोष्टी सांगे, आनसू ऐके. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण दोघी इतक्या कधी बोलल्या नव्हत्या.

एके दुपारी आनसूनं तेलाचं बोट फिरवलं आणि हात थांबवला. करवंटीला पाणी चढलं होतं. विहिरीतल्या पाण्यासारखा काळा रंग, त्यात मधाच्या रंगाच्या बारीक शिरा. वाकून पाहिलं तर तिच्या तोंडाची सावली दिसली. तिनं सोमाला हाक मारली. सोमानं ती उजेडाकडे धरून फिरवली. मग उठला, खुंटीवरची दोरी काढली, खराद मांडला.

पहिली झाली चुन्याची डबी, ती भागीला दिली. दुसरी झाली मण्यांची माळ, ती कोळीवाड्यातल्या पोरक्या पोरीला दिली. तिचं लग्न ठरलं होतं आणि गळा मोकळा होता. मग झाल्या बांगड्या, त्या आनसूनं आपल्या हातात भरल्या. कार्तिकी पुनवेला वसा पुरा केला.

ती कोळ्याची पोर माळ घालून राजवाड्यात मासळी घेऊन गेली. राणीनं माळ पाहिली, हातात घेतली. राणीचं मूल गेलं होतं. त्या दिवसापासून तिनं अंगावर दागिना घातला नव्हता. हिरा घातला तर गार लागे, सोनं घातलं तर जड वाटे. ही माळ तिनं मुठीत धरली तों ती कोमट झाली. राणीनं जव्हेऱ्याला बोलावलं.

"हे कुठलं रत्न?"

जव्हेरी म्हणाला, "बाईसाहेब, ही करवंटी आहे. पण रत्न नाही असं कसं सांगू? मोती शिंपल्याच्या पोटी होतो, पोवळं समुद्रातल्या जिवाच्या अंगावर वाढतं. त्यांना आपण रत्न म्हणतो. हे झाडाच्या पोटी झालं. खाणीतल्या दगडाला जीव नसतो, याला होता. म्हणून ऊब धरतं."

राणीनं माळ पोरीला परत केली आणि कातार्‍याला बोलावणं धाडलं. सोमाला राजवाड्याचं काम मिळालं. करवंटीच्या बांगड्या झाल्या, फण्या झाल्या, कुंकवाचे करंडे झाले. मग मोठी कामं आली, हस्तिदंत आला, मोती जडवायचे आले. पडवीचं घर गेलं, राजरस्त्यावर माडी झाली. दुसऱ्या वर्षीही आनसूनं वसा केला, पण दुपारी पाहुणे येत, म्हणून घाईघाईनं केला.

तिसरं वर्ष आलं. श्रावणी पुनवेच्या दिवशी भागी म्हणाली, "सूनबाई, पुनव आली. वसा घ्यायचा ना?"

"उद्या बघू, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी भागी म्हणाली, "सूनबाई, नारळ आणून ठेवलाय."

"कामाची माणसं जेवायचीत, आत्याबाई."

तिसऱ्या दिवशी माडीवर सरदारांच्या बायका आल्या होत्या. भागी करवंटी आणि सुपात तूस घेऊन दारातच बसली. अंगावर भुसा, हाताला काथ्याचा वास. एका बाईनं पदर नाकाला लावला. आनसूला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून चीड आली. पाहुण्या गेल्यावर ती म्हणाली, "आता हस्तिदंताचं घर आहे आपलं. दारात करवंट्या घेऊन बसू नका. मागल्या दारी गोठ्याजवळ खोली आहे, तिथं तुमचं अंथरूण घालते." आणि सुपातली करवंटी उचलून तिनं न्हाणीच्या चुलीत टाकली.

भागी उठली. चिमट्यानं करवंटी बाहेर ओढली, पदरानं विझवली आणि मागल्या दारी गेली. सकाळी आनसू ताक घेऊन गेली तर खोली रिकामी. सोमानं विचारलं, "आई कुठं?" आनसू म्हणाली, "परगावच्या लेकीकडे गेल्या." तिनं पाहिलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं, मनाचंच सांगितलं. सोमा कामात होता. त्यानं मान हलवली.

मग काय झालं? हस्तिदंताला चिरा पडल्या, मोत्यांचं पाणी उतरलं, खरादावर सोमाचा हात थरथरू लागला. राजवाड्यानं एकदा खपवून घेतलं, दोनदा खपवून घेतलं, तिसऱ्यांदा काम काढून घेतलं. माडी गेली, माणसं गेली. दोघं पुन्हा पडवीच्या घरी आली. दिवाळीत सोमा म्हणाला, "भाऊबीज जवळ आली. बहिणीकडे जातो, आईला घेऊन येतो. हात असा का होतो ते तिला विचारतो."

आनसू त्याच्यापुढं येऊन बसली. ती म्हणाली, "त्या तिथं नाहीत. मी मनाचं सांगितलं होतं. कुठं गेल्या मला ठाऊक नाही." आणि गोठ्याजवळच्या खोलीचं, चुलीचं, सगळं सांगितलं. सोमानं तोंड फिरवलं. रागानं बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. आनसू उठली, पदर खोचला आणि चालू लागली.

पुढं गेली तों विहिरीवर एक बाई पाणी पाजत होती. "बाई, माझी सासू पाहिलीस?" "ओंजळीतून पाणी सांडे, एका म्हातारीनं करवंटीचा पेला करून दिला. मिठागराकडे गेली." मिठागरावर एक मजूर भेटला. "बाबा, माझी सासू पाहिलीस?" "मीठ भरताना माझ्या हाताला भेगा पडत, एका म्हातारीनं करवंटीचा डाव करून दिला. होड्या लागतात त्या तरीकडे गेली." तरीवर नावाडी भेटला. "दादा, माझी सासू पाहिलीस?" नावाडी म्हणाला, "होडीतलं पाणी उपसायला मला एका म्हातारीनं करवंटी दिली. पलीकडच्या काठावर झोपडीत असते. पण तू तिची कोण?"

आनसूला पटकन सांगवेना. मग म्हणाली, "मी तिची सून. मीच तिला मागल्या दारी घातलं." नावाड्यानं तिला होडीत घेतलं. पलीकडच्या काठाला उतरवलं.

पलीकडे माडाखाली भागी बसली होती. मांडीवर करवंटी. एका बाजूनं ती जळून कोळसा झाली होती. भागी त्याच बाजूनं घाशीत होती. बोटांची कातडी गेली होती, चिंधी बांधली होती. पावलांची चाहूल लागली तशी म्हणाली, "कोण?"

"मी, आत्याबाई."

"बस."

आनसू बसली. म्हणाली, "हे काय करता?"

"तुझा वसा पुरा करते. तू खाली ठेवलास, मी उचलला. घरातल्या एकीनं घेतलेला, कुणीतरी पुरा करायला हवा होता."

आनसूला रडू आलं. तिनं भागीचे पाय धरले. भागी म्हणाली, "पाय नंतर धर. आधी ही धर. माझी बोटं चालत नाहीत."

"किती दिवस राहिलेत?"

"तेरा."

आनसूनं करवंटी घेतली. रेषा कुठून कुठं जातात ते आधी पाहिलं, मग त्यांच्या अंगानं हात नेला. तेरा दिवस ती तिथंच राहिली. सकाळी नावाड्याच्या बायकोबरोबर शिंपल्या वेची, दुपारी करवंटी घाशी. तिसऱ्या दिवशी नावाड्याचा निरोप मिळून सोमा खराद होडीत घालून आला. आईजवळ बसला. आईनं त्याचा थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला, बराच वेळ. हळूहळू हात थांबला.

आनसू म्हणाली, "आत्याबाई, घरी चला."

भागी म्हणाली, "मला इथं बरं वाटतं, सूनबाई. दारात बसलं तर कुणी हलवत नाही."

आनसूनं पुन्हा म्हटलं नाही. सोमानं झोपडीला पडवी काढली. तिघं तिथंच राहिली.

कार्तिकी पुनव आली. करवंटीची जळकी बाजू गुळगुळीत झाली होती, पण डाग गेला नव्हता. सोमानं तिचा दिवा केला, दुसऱ्या करवंट्यांचे आणखी दोन केले. आनसूनं तो भागीच्या पुढं ठेवला. दुसरा दिवा नावाड्याच्या विधवा बहिणीला दिला, तिसरा आपल्या दारी लावला. तों त्यांना शोधत शोधत राणीची होडी काठावर लागली. राणी म्हणाली, "नगरात चला, काम देते." आनसू म्हणाली, "काम इथं धाडा, बाईसाहेब. करून देऊ. आमची थोरली माणसं इथं आहेत." राणीनं बरं म्हटलं आणि माडाखाली भागीशेजारी बसली. संध्याकाळपर्यंत बसली. दोघींचं काय बोलणं झालं, कुणाला ठाऊक नाही. जाताना राणीच्या हातात करवंटीची एक बांगडी होती.

मग आनसूनं पानं मांडली. त्या दिवशी वाढताना तिनं आधी सासूला वाढलं, मग नवऱ्याला वाढलं, मग आपलं पान घेतलं. भागी म्हणाली, "भात मऊ झालाय." तिघं जेवली.

श्रीफळमाता जशी आनसूला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. तिनं टाकलेलं जसं पुन्हा तिच्या हाती आलं, तसं ऐकणाऱ्यांच्या, सांगणाऱ्यांच्या हाती येवो, कुणाच्या घरची म्हातारी मागल्या दारी न पडो. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, देवाच्या दारी, माडाच्या सावलीत, सुफळ होऊन पुरी झाली.