पाचवा पेला

"आणि मी सगळे पेले अचूक ओळखले, तरीही तुम्ही नाहीच म्हणालात तर?"

मुक्ताने हे विचारलं तेव्हा सुमतीबाई जीपच्या आरशात बघून वेणी घालत होत्या. रबर दातांत धरलेलं. उत्तर द्यायची सोय नव्हती, आणि बाईंना ती नकोच असावी.

वेणी झाली. रबर लागलं.

"तर परत जाताना जीप तू चालवायचीस."

"बाई, मी खरंच विचारतेय."

"मीही खरंच सांगतेय. कंबर गेलीय माझी."

सुमतीबाई कातकाडे नाशिककडच्या एका वायनरीत वाइनचं मिश्रण ठरवायच्या. कुठल्या पिंपातली किती घ्यायची आणि कशात मिसळायची, याबाबत त्यांचा शब्द शेवटचा. वर्षानुवर्षं हेच करून आता त्यांना थांबायचं होतं. आपल्या जागी कोण, हे त्याच सांगणार होत्या. म्हणून घरची द्राक्षतोडणी आटोपल्याबरोबर त्यांनी जीपच्या टपावर तंबू बांधले, हाताखालच्या मुक्ता रेगेला शेजारी बसवलं आणि दक्षिणेचा रस्ता धरला. पलूस, विजापूर, तुंगभद्रेचा काठ... जिथे मळा तिथे मुक्काम, जिथे वाइन तिथे परीक्षा. नंदी डोंगराच्या पायथ्याचा हा मळा शेवटचा.

मुक्ताला ती जागा हवी होती. इतकी, की झोपेतही तिला पिंपं दिसायची.

पोरगी हुशार होती, यात वाद नाही. पलीकडच्या तंबूत कुणी लिंबू कापलं तर हिला इकडे कळायचं. आणि निघाल्या दिवसापासून तिने आपली जीभ अगदी सोवळ्यात ठेवली होती. तिखट नाही, चहा नाही, कांदा-लसणाचं नाव नाही. मऊ भात, उकडलेला बटाटा, वर कोमट पाणी. दातसुद्धा नुसत्या मिठाने घासायची, कारण पेस्टमधला पुदिना जिभेवर बसून राहतो. चूल पेटली की धूर नाकात जाऊ नये म्हणून स्वतःचा तंबू उचलून लांब जायची. वाइनचा तर एक घोटही तिने आजवर गिळला नव्हता. तोंडात घोळवायची, नाव सांगायची आणि बादलीत थुंकायची.

बाईंचं सगळं उलट. रोज तीन दगड मांडून भाकरी थापायच्या. हिरव्या मिरच्या तव्यावर भाजायच्या, लसूण आणि मीठ घालून तिथल्या तिथे तांब्याच्या बुडाने रगडायच्या, आणि नाक पुसत पुसत जेवायच्या. वर आल्याचा चहा.

"घे गं घासभर," असं रोज म्हणायच्या.

मुक्ता रोज नको म्हणायची. बाईंच्या जिभेचं आता काय उरलं असणार, हे तिने तोंडातून कधी काढलं नाही. चेहऱ्यावर मात्र ते स्वच्छ दिसायचं.

मळ्याचे मालक नंजुंडप्पा मोठे हौशी गृहस्थ. सकाळीच त्यांनी लांब टेबलावर पांढरा कपडा अंथरला, पाच पेले भरून ठेवले आणि प्रत्येकाच्या तळाला आकडा चिकटवला. बाटल्या झाकलेल्या. त्यांचं कानडीमिश्रित हिंदी बाईंना समजायचं, बाईंचं मराठीमिश्रित हिंदी त्यांना समजायचं, आणि दोघं अर्धा वेळ नुसतेच हसत होते.

मुक्ता मात्र हसत नव्हती. शर्यतीच्या रेषेवर उभी असल्यासारखी ती पेल्यांकडे बघत होती.

तिने पहिला पेला उचलला. हुंगला, घोळवला, थुंकला.

"शिराझ द्राक्षाची. डोंगराच्या वरच्या उतारावरची. लाकडी पिंपात ठेवलेली."

नंजुंडप्पांच्या भुवया वर गेल्या.

दुसरा बरोबर. तिसरा बरोबर. चौथ्यात दोन जातींची सरमिसळ होती. तीही तिने प्रमाणासकट सांगितली. पाचव्या पेल्यात फिकट, पेंढ्याच्या रंगाची वाइन होती. ती तिने तोंडात जेमतेम ठेवली आणि लगेच थुंकली.

"शेनिन. किंचित गोड ठेवलीय. अगदीच बाळबोध आहे."

बाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रम लावायला सांगितला. शिराझ पहिली. पाचवा पेला शेवटचा, आणि तोही लावायलाच हवा म्हणून.

नंजुंडप्पांनी टाळ्या वाजवल्या. सगळं बरोबर होतं. मुक्ताला वाटलं, या द्राक्षांच्या रांगांमधून आत्ताच्या आत्ता पळत सुटावं, आईला फोन करून सांगावं. तिने बाईंकडे पाहिलं.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "सगळे बरोबर."

"मग... बाई?"

"मला भूक लागलीय."

दुपारी चिंचेखाली चूल पेटली. बाईंनी ते पाचही पेले मागवून घेतले, धुऊन ज्या-त्या वाइनने पुन्हा भरले आणि सतरंजीवर ठेवले. बादली मात्र मागवली नाही. मग एका ताटात भाकरी घातली, शेजारी मिरचीचा हिरवागार गोळा ठेवला आणि ताट मुक्तापुढे सरकवलं.

मुक्ता ताटाकडे बघत राहिली. हे खाल्लं तर पुढचे दोन दिवस आपल्याला कशाचीच चव कळणार नाही, असं तिने समजावून सांगितलं. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"जागा हवीय ना?"

"हवीय."

"मग खा."

मुक्ताने घास घेतला.

इतके दिवस सोवळ्यात राहिलेली जीभ ती. पहिला क्षण काहीच झालं नाही. मग ओठांपासून कानांपर्यंत आग पेटली, डोळ्यांना धारा लागल्या, आणि तिने हाताला आला तो पेला तोंडाला लावला. सकाळची लाडकी शिराझ होती ती. आगीत तेल पडावं तसं झालं. पेला तसाच खाली ठेवला. दुसरा उचलला, तो आंबट लागला. तिसऱ्यात नुसतं लाकूडच लागलं, तोही ठेवला.

मग एक फिकट पेला. एक घोट गेला आणि आग थोडी बसली. दुसरा घोट. भाकरीचा गोडवा कळला, भाजलेल्या लसणाचा खमंगपणा कळला, मिरची तिखट होती पण आता हवीशी वाटत होती. तिसऱ्या घोटाला पेला रिकामा झाला. बादली कुठे आहे, हे विचारायचं ती साफ विसरून गेली.

तिने आणखी एक घास घेतला. स्वतःहून, पहिल्यापेक्षा मोठा.

"बाई, थोडी अजून..."

बोलून गेल्यावर ती दचकली. आजवर कुठल्याच मळ्यात तिने कशाचाही दुसरा पेला मागितला नव्हता.

बाईंनी तिच्या हातातला रिकामा पेला घेतला आणि उलटा धरला.

तळाला पाचचा आकडा होता.

...

चिंचेवरून पाखरं उडाली. चुलीतलं लाकूड तडतडलं. धूर सरळ मुक्ताच्या तोंडावर येत होता, तरी ती जागची हलली नाही. तिला लाज वाटत होती, मनापासून. आणि त्या लाजेखाली, कसा कोण जाणे, एक वेडा आनंदही उसळत होता. तिला हसायला येत होतं आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

बाईंनी पेला सरळ केला आणि भरला. मुक्ताने तो प्यायला, भाकरीचा शेवटचा तुकडा ताटात फिरवून ताट पुसून घेतलं आणि हात पुढे केला.

"द्या, बाई."

"काय?"

"जीपची किल्ली. परत जाताना मी चालवते."

बाईंनी किल्ली काढली. थोडा वेळ तळहातावर खेळवली आणि पुन्हा कमरेला खोचली. तव्यावर दुसरी भाकरी फुगली होती. ती त्यांनी मुक्ताच्या ताटात टाकली.

"नाशिकला पोचलो की यंदाचं मिश्रण तू ठरव," त्या म्हणाल्या. "फक्त येताना जेवून ये."