लाल शिक्क्याची पिसं

त्या अरण्यात पिसाच्या बदल्यात फळ मिळत असे. उंबरं पिकतात तेव्हा सगळीच पिकतात आणि सडतात तेव्हाही सगळीच, म्हणून जुन्या पाखरांनी एका वठलेल्या महावृक्षाच्या गार, फळ टिकवणाऱ्या पोटात कोठार केले होते. कोठारात पाच उंबरं टाकावीत, बदल्यात गरुडराजाचे एक पीस न्यावे. पुढे केव्हाही ते पीस दाखवावे, पाच उंबरं घ्यावीत. पिसावर लाल शिक्का मारण्याचे काम तांबट पक्ष्याकडे होते. राजाची पिसे आपल्या वेळेने गळत, फार थोडी गळत. त्यामुळे हिशोब जुळत असे, आणि कोठाराचा तळ पाहावा असे कोणाला कधी वाटले नव्हते.

भिवा हा त्या अरण्यातला एक धनेश पक्षी. दोन वर्षांपूर्वी वादळात फांदी कोसळून त्याचा डावा पंख दुखावला होता. जवळपास तो उडे, पण उन्हाळ्यात जिथे फळे उरतात त्या पलीकडच्या घळीपर्यंत त्याची मजल जात नसे. म्हणून दोन हंगाम जवळच्या झाडाची उंबरं त्याने कोठारात टाकली आणि चाळीस पिसे साठवली. ही साठवण एकाच कामासाठी होती. धनेशाची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते, तेव्हा ढोलीचे तोंड चिखलाने आतून लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवते. आत तिची उडायची पिसे झडून जातात. तीन महिने ती आणि पिल्ले नर आणून देईल त्यावर जगतात.

भिवाची बायको तानी आत जायच्या आधी स्वतः कोठारावर गेली.

"भाऊजी, यांचा पंख असा," ती तांबटाला म्हणाली. "आमची सगळी भिस्त या पिसांवर आहे. खरं काय ते सांगा."

तांबट त्यांचा शेजारी होता. त्याने मान ताठ केली. "वहिनी, निर्धास्त आत जा. पीस म्हणजे फळच. शिक्का माझा आहे."

तानी आत गेली आणि तिने ढोली लिंपून घेतली.

पहिला महिना चांगला गेला. त्याच सुमारास राजाने उंच कड्यावर नवे घरटे बांधायला काढले. दरबारातल्या घारी कोठाराच्या मागच्या बाजूने येऊ-जाऊ लागल्या. बांधणाऱ्यांना पिसे द्यायची होती आणि राजाच्या अंगावर तेवढी पिसे नव्हती, तेव्हा तांबटापुढे कावळ्यांच्या पिसांचे भारे येऊन पडले. हुकूम वरून होता. तांबटाने शिक्के मारले. दिवसभर मारले, दुसऱ्या दिवशीही मारले.

एका पिसाला चार उंबरं मिळू लागली, मग दोन, मग एक, तेही किडके. कोतवाल पक्षी फांदीफांदीवर ओरडत हिंडला, "कोठार भरलेलं आहे! पिसावर संशय घेईल तो अरण्याचा वैरी!" एका साळुंकीने भर सभेत विचारले, "भरलंय तर दाखवत का नाही?" दुसऱ्या दिवसापासून ती कोणाला दिसली नाही. त्यानंतर कोणी काही विचारले नाही; फक्त कोठारात फळ टाकायचे सगळ्यांनी थांबवले. ज्याने त्याने आपापली उंबरं सालीखाली दडवली. पीस पुढे केले की शेजारी हसून म्हणे, "अरे, आत्ताच संपली बघ."

भिवा उरलेली एकवीस पिसे घेऊन तांबटाकडे गेला.

"माझी उंबरं मी तुझ्यासमोर टाकली होती," तो म्हणाला. "मला जास्त नको. टाकली तेवढीच दे."

"वरून हुकूम आहे, भिवा. कोठार काही दिवस बंद."

"आत आहे तरी किती?"

तांबटाने शिक्का बाजूला ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मी आत कधी पाहिलंच नाही रे. माझं काम शिक्का मारायचं."

भिवाने पिसे तिथेच टाकली आणि तो घळीकडे उडाला. वाटेत सात ठिकाणी टेकावे लागले. संध्याकाळी तो परतला तेव्हा घशात सहा उंबरं होती. सहाही त्याने फटीतून आत दिली.

"अहो, उशीर झाला आज?" तानीने विचारले.

"कोठारावर गर्दी होती."

"तुम्ही जेवलात?"

"पोटभर. कोठार भरलेलं आहे, तू काळजी करू नकोस."

असे तो रोज म्हणू लागला. खरे सांगितले तर तानी ढोली फोडून बाहेर येईल, आणि पंखांवाचून बाहेर आलेली मादी घारींच्या तावडीतून वाचत नाही, हे त्याला माहीत होते. पण भिंतीला कान नसले तरी फटीला असतात. कोतवाल एके दिवशी नेमका त्याच झाडावर बसून ओरडला, की कोठार बंद आहे आणि पुढील हुकुमापर्यंत बंद राहील. तानीने ते ऐकले.

त्या संध्याकाळी तिने विचारले, "कोठारातून आणलंत?"

"हो."

तिने फटीतून उंबरं घेतली. त्या 'हो'ने तिच्या मनात जे मोडले, ते त्या अरण्यात आधीच सगळीकडे मोडले होते. आता तिला त्याच्या प्रत्येक उशिराचा अर्थ लागू लागला. हे स्वतः किती खातात? मिळतात ती सगळी आत देतात का? अंधारात पिल्ले चोची उघडून ओरडत, आणि ती एकटीच हे प्रश्न मोजत बसे.

चार दिवसांनी भिवाला एकच उंबर मिळाले, पण टपोरे, मधासारखे पिकलेले. त्याने ते फटीपाशी धरले. आतून चोच पुढे आली नाही.

"आधी तुम्ही खा," तानी म्हणाली. "मला बघू दे. चांगलं आहे का ते बघू दे."

"अगं, पिल्लांना—"

"खाऊन दाखवा."

भिवाने एक घास घेतला. पाच दिवस त्याच्या पोटात काही गेले नव्हते. तो घास गिळला आणि मग त्याला थांबता आले नाही. तिच्या डोळ्यांदेखत त्याने ते उंबर देठासकट संपवले. नंतर तो फांदीवर मान खाली घालून बसला. आत तानीला सगळे कळले. पण कळले ते सांगायला शब्द सापडेपर्यंत उजाडले, आणि तो निघून गेला होता.

तो दिवस गेला, दुसराही गेला. धाकटे पिल्लू गार पडले. तिसऱ्या दिवशी तानीने भिंत फोडली.

ढोलीच्या तोंडाशी तांबट बसला होता. त्याच्यासमोर पानावर अकरा उंबरं होती.

"वहिनी," तो म्हणाला, "भिवा घळीच्या अलीकडे पडला होता. खंगलेला. जीव नव्हता. ही त्याच्या घशात होती. एकही गिळलं नव्हतं."

तानीने उंबरांकडे पाहिले. मग एक उचलून तिने थोरल्या पिल्लाच्या चोचीत दिले, मग दुसरे. तांबट काहीतरी बोलत होता. तिने त्याच्याकडे पाहिले नाही.

राजाचे नवे घरटे पुरे झाले. नवी पिसे आली. त्यांच्यावर दोन शिक्के होते. पाखरांनी ती मान लववून घेतली आणि घरी नेऊन अंथरली.

तानीचे पिल्लू जगले. ती मुलगी होती. मोठी झाल्यावर तिने आपल्या वयाच्या एका नराशी घर मांडले. त्या वसंतात अरण्यातल्या एकाही धनेशिणीने ढोली लिंपली नाही. अंडी उघड्या फांद्यांच्या बेचक्यात घातली गेली. वर घारी संथपणे फिरत होत्या. अंड्याच्या एका बाजूला तानीची मुलगी बसली होती, दुसऱ्या बाजूला तिचा नवरा. दोघांनाही भूक लागली होती आणि पलीकडच्या घळीत फळे पिकली होती. दोघे एकमेकांकडे पाहत होते. उठत कोणीच नव्हते.