अर्जंटची रांग

पंचायत समितीचे सभापती जाचकसाहेब यांना साधं काही चालायचंच नाही. चहासुद्धा ते अर्जंट मागवत.

परवा ते चार कार्यकर्ते घेऊन अनुसयाबाई वनारसेंच्या शिलाईच्या दुकानात धडकले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा जाहीर सत्कार होता आणि जुन्या जाकिटाची बटणं पोटावर लागेनात. कापड टेबलावर आपटून ते गरजले, "बाई, जाकीट शिवायचंय. अर्जंट!"

बाईंनी मशीन थांबवलं आणि मागचं कपाट उघडलं. आत वरपर्यंत कापडं कोंबलेली. प्रत्येकाला चिठ्ठी आणि प्रत्येक चिठ्ठीवर लाल अक्षरांत 'अर्जंट'.

"ही अर्जंटची रांग, साहेब. या लग्नसराईत दुसरा शब्द कुणी काढलाच नाही. तुमचा नंबर तीन आठवड्यांनी लागेल."

"अहो, पण सत्कार उद्या आहे!"

"मग साधं म्हणा की! त्या रांगेत कुणीच नाही. उद्या दुपारी घेऊन जा."

कार्यकर्ते फिसकन हसले. साहेबांनी त्यांना नजरेनंच दुकानाबाहेर घालवलं आणि ते बाईंकडे वाकून कुजबुजले, "साधंच शिवा, बाई. पण बाहेर सांगताना तेवढं अर्जंट म्हणा."